ग्लो सीरम लावलं की चेहरा राखाडी का दिसतो?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सोलापूरची एक 27 वर्षांची वाचक सहकारी बँकेत नोकरी करते. रंग सावळा. एक रील बघून तिने साडेआठशे रुपयांचं टिंटेड ग्लो सीरम मागवलं. मावशीने सांगितलं, ‘एक शेड उजळ घे, फोटोत बरं दिसतं,’ म्हणून तशीच शेड घेतली. घरून निघताना चेहरा ठीक वाटतो, पण अकरा वाजेपर्यंत गाल राखाडी आणि कपाळ तेलकट होतं. पेन्शन घ्यायला आलेल्या एका आजींनी तर ‘बाळा, बरं नाही का तुला?’ असंच विचारलं. डिसेंबरमध्ये भावाचं लग्न आहे. घरात बाकी दोघी आहेत. धाकटी बहीण 19 वर्षांची, निमगोरी, चेहऱ्यावर मुरमं. आई 52 वर्षांची, त्वचा कोरडी, दोन्ही गालांवर वांग. तिघींना चालेल असं एखादं सीरम आहे का? सीरमवर एसपीएफ 30 लिहिलंय, मग सनस्क्रीन वेगळं लावायलाच हवं का? मावशी म्हणते तसं पार्लरमधलं आठ दिवसांत उजळवणारं नाइट क्रीम बरं पडेल का? ऑनलाइन क्विझमध्ये तिचा निकाल ‘टाइप 4, ऑइली’ असा आला आहे. पत्राच्या शेवटी तिने लिहिलंय, ‘की आमच्यासारख्या सावळ्यांना ग्लो शोभतच नाही, ताई?’

प्रिय मैत्रिणी,

शेवटचं वाक्य तू जाता जाता लिहिलंस, पण मी उत्तराला तिथूनच सुरुवात करते. ते मनात राहिलं तर दुकानात गेल्यावर पुन्हा चुकीचीच बाटली उचलशील. सावळ्या रंगाला ग्लो शोभतो. किंबहुना उजेड पडल्यावरची चमक गोऱ्या गालापेक्षा सावळ्या गालावर जास्त उठून दिसते. तुझा चेहरा राखाडी झाला तो तुझ्या रंगामुळे नाही, बाटलीतल्या पांढऱ्यामुळे.

हे पांढरं आलं कुठून ते सांगते. टिंटेड सीरम म्हणजे पाण्याच्या किंवा सिलिकॉनच्या पातळ द्रवात मिसळलेल्या दोन-तीन गोष्टी. नायसिनामाइड, हायलुरॉनिक अ‍ॅसिड अशी त्वचेसाठीची द्रव्यं थोडीफार असतात, त्यांचीच जाहिरात होते. पण आरशात तुला जे दिसतं ते रंगद्रव्यांचं काम. लोहाचे तीन ऑक्साइड, तांबडं, पिवळं आणि काळं, आणि चौथं पांढरंशुभ्र टायटॅनियम डायऑक्साइड. त्वचेच्या जवळपास सगळ्या शेड या चौघांचं प्रमाण कमीजास्त करून बनतात. शेड उजळ करायची म्हणजे पांढरं वाढवायचं. चमकेसाठी त्यात अभ्रक घालतात, आणि अभ्रकाच्या पापुद्र्यावर बहुतेक वेळा पुन्हा टायटॅनियम डायऑक्साइडचाच थर असतो. म्हणून ती चमक चंदेरी दिसते.

जाड फाउंडेशन खालचा रंग झाकून टाकतं. सीरम झाकत नाही, ते अर्धपारदर्शक असतं. खालची तपकिरी त्वचा आणि वरचा पांढुरका थर दोन्ही एकदमच दिसतात आणि डोळ्याला राखाडी वाटतं. सकाळी ओल्या ताज्या थरात ते जाणवत नाही. थर वाळला, वर तेल आलं की उघडं पडतं. त्यात एसपीएफसाठी झिंक ऑक्साइड असेल तर पांढऱ्यात आणखी भर. अकरा वाजता तुझ्या गालांवर नेमकं हेच होत असणार.

खोक्याच्या मागे घटकांच्या यादीत शेवटी काही आकडे दिसतील. सीआय 77891 म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, 77491 तांबडं, 77492 पिवळं, 77499 काळं, आणि 77019 म्हणजे अभ्रक. रंगद्रव्यं यादीत कुठल्याही क्रमाने लिहिता येतात, त्यामुळे कुठलं किती आहे हे त्यावरून कळत नाही. पण बाटलीवर ‘ग्लो’ लिहिलंय, यादीत 77891 आणि 77019 आहेत आणि लोहाचं एकही ऑक्साइड नाही, असं दिसलं तर ती बाटली टिंटेड नाहीच. ती नुसती चंदेरी चमक आहे. सावळ्या किंवा गव्हाळ चेहऱ्याने ती सरळ खाली ठेवावी.

आता मावशी. ‘एक शेड उजळ’ हा सल्ला आपल्याकडे प्रत्येक घरात एक तरी बाई देतेच, आणि प्रेमानेच देते. 1975 मध्ये आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चं नाव 2020 मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झालं, मावशीच्या मनात ते अजून जुनंच आहे. पण रंगभेदाचा वाद क्षणभर बाजूला ठेवला तरी नुसत्या मेकअपच्या हिशेबानेही हा सल्ला चुकतो. पातळ थरात अर्धी शेड गडद, किंचित सोनेरी-तांबूस असं चुकलं तर चेहरा उन्हातून आल्यासारखा दिसतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. उजळ बाजूला चुकलं तर पेन्शनवाल्या आजींच्यासुद्धा लक्षात येतं. आणि फोटोचं म्हणशील तर गोष्ट उलटीच आहे. टायटॅनियम, झिंक, सिलिका यांच्यावर फ्लॅशचा उजेड आदळून परत येतो आणि फोटोत चेहरा पिठात बुडवून काढल्यासारखा पांढरा, मान मात्र आहे त्या रंगाची. दोन शेडमध्ये मन अडकलं तर गडद घे.

त्या क्विझचंही बघू. ‘टाइप 4’ हे वर्गीकरण हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये सुरू केलेल्या मापावरून आलंय. उपचारात अतिनील किरणांचा डोस किती द्यायचा हे ठरवायला ते होतं, म्हणजे उन्हात कातडी भाजते की रापते एवढंच ते सांगतं. भारतातले बहुतेक लोक 3 ते 5 या तीन खणांत बसतात. तू आणि तुझी निमगोरी बहीण एकाच खणात निघालात तरी आश्चर्य नाही. मग त्यावरून शेड कशी कळणार? मनगटाच्या शिरा हिरव्या दिसतात की निळ्या, ही अंडरटोनची, म्हणजे त्वचेच्या आतून जाणवणाऱ्या छटेची, चाचणीही आपल्या त्वचेवर फारशी कामाची नाही. कित्येकींच्या शिरा नीट दिसतच नाहीत.

त्यापेक्षा एक शनिवार मोकळा ठेव आणि नवी पेठेत, किंवा जिथे टेस्टर ठेवतात अशा कुठल्याही दुकानात, दिवसाउजेडी जा. चेहरा धुतलेला, वर काहीही न लावलेला. जबड्याच्या कडेला, गाल संपून मान सुरू होते तिथे, तीन शेडचे बोटभर उभे पट्टे ओढ. एक तुला वाटते ती शेड, एक तिच्याहून गडद, आणि एक तेवढीच गडद पण पिवळसर-सोनेरी. हातावर बघू नकोस, हाताचा रंग वेगळा असतो. मग दुकानातून बाहेर ये. ट्यूबलाइटखाली सगळंच छान दिसतं, विकणाऱ्यांना ते माहीत असतं. बाहेर दहा-पंधरा मिनिटं फिर, चहा घे. पाणी उडून, त्वचेतलं तेल मिसळून शेड बदलते, बहुतेक वेळा थोडी गडद होते. त्यानंतर मोबाइलच्या आरशात नाही, खऱ्या आरशात बघ. जो पट्टा शोधावा लागतो तो तुझा. जांभळट-राखी दिसतोय त्यात गुलाबी किंवा पांढरं जास्त आहे. हळद लागल्यासारखा दिसतोय त्यात पिवळं जास्त आहे. अंडरटोनचं सगळं शास्त्र एवढ्यात उरकतं. तुला ‘वॉर्म’, ‘कूल’, ‘ऑलिव्ह’ ही नावं पाठ करायची गरज नाही. बाटल्यांवरच्या ‘हनी’, ‘कॅरमेल’, ‘टॉफी’ या नावांनाही काही प्रमाण नसतं. एका कंपनीचं हनी दुसरीच्या बदामापेक्षा गडद निघतं.

दुकानातली मुलगी घाई करेल, ‘मॅडम, हीच परफेक्ट आहे’ म्हणेल. म्हणू दे.

एक अडचण तुला तिथे नक्की येईल. आपल्याकडच्या कित्येक चेहऱ्यांवर एकच रंग नसतो. गाल उजळ, कपाळाची कड आणि तोंडाभोवतीचा भाग गडद, मान आणखी वेगळी. अशा वेळी गालाशी जुळवलंस तर कपाळावर राखाडी दिसणार. जबड्याशी जुळव आणि सीरम चेहऱ्याच्या मधल्या भागातच लाव, केसांच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यांशी बोटाने पुसत पुसत संपव. सगळं एकसारखं करायचा हट्ट धरलास तर सीरमचा नाद सोडून फाउंडेशन घ्यावं लागेल, आणि रोज बँकेत जाताना ते तुला नको असणार. जाता जाता एक: मानेच्या मागची कातडी नुसती गडद नाही तर जाडसर, मखमलीसारखी लागत असेल, काखेतही तसंच असेल, तर ती घासून जाणारी गोष्ट नाही. ते बऱ्याचदा इन्शुलिनच्या गडबडीचं लक्षण असतं. डॉक्टरांना दाखव, साखर तपासून घे.

आता ‘ऑइली’. दुपारी कपाळ चमकतं म्हणून तू स्वतःला तेलकट ठरवलंस, पण ती चमक कुणाची ते आधी बघू. पत्रात तू लिहिलंस की सकाळी नायसिनामाइडचं सीरम, त्यावर क्रीम, त्यावर हे टिंटेड सीरम, आणि दिवसातून चारदा फेसवॉश. एवढे थर सोलापूरच्या उन्हात कुणाच्याही कपाळावर चमकतील. एका सुट्टीच्या दिवशी सौम्य फेसवॉशने तोंड धू, काहीही लावू नकोस, तासाभराने टिश्यू पेपर कपाळ, नाक आणि गालांवर वेगवेगळा दाबून बघ. कपाळ-नाकावर तेलाचा डाग आणि गाल कोरडे, तर तुझी त्वचा मिश्र आहे, आणि माझा अंदाज तोच आहे. मग फेसवॉश दोनदाच. नायसिनामाइड टिंटेड सीरममध्येही आहे का बघ. असेल तर वेगळं सीरम सुट्टीवर पाठव. ते 10 टक्क्यांचं असेल तर उगाच चुणचुणही होते, 4-5 टक्के पुष्कळ झालं. क्रीम फक्त गालांना. टिंटेड सीरम निवडताना पातळ, पाण्यासारखं, अभ्रक कमी असलेलं घे. चमक हवीच असेल तर गालाच्या हाडावर थोडी, नाकावर आणि मुरमांच्या खड्ड्यांवर अजिबात नको, कारण तिथे चमक पडली की खळगे मोठे दिसतात. आणि वरचा थर चोळताना बारीक वळ्या सुटत असतील तर खालचं पाण्याचं आणि वरचं सिलिकॉनचं असं काहीतरी जमत नाहीये. खालचा थर पूर्ण वाळू दे, चोळू नकोस, थापून लाव. तरीही वळ्या सुटल्या तर दोघांपैकी एक बदल.

तिघींना एकच बाटली? नाही. शेडमुळे तर नाहीच, पण ड्रॉपरमुळेही नाही. तो चेहऱ्याला टेकतो, मग परत बाटलीत जातो, आणि धाकटीला मुरमं आहेत.

धाकटीचं थोडक्यात सांगते. मुरमं ताजी असताना तिला ग्लो नकोच. सुगंध नसलेलं, तेल नसलेलं सनस्क्रीन आणि मुरमांवर त्वचेच्या डॉक्टरांचं औषध. 19व्या वर्षी मुरमं फोडली नाहीत तर बाकी बरंच आपोआप होतं. आपल्या रंगाच्या त्वचेवर मुरमाचा डाग मुरमापेक्षा कितीतरी जास्त काळ राहतो, महिनोन्महिने राहतो, हे तिला सांगून बघ. ऐकेल असं नाही.

आईचं मात्र नीट वाच, कारण तिघींत टिंटचा खरा उपयोग त्यांना आहे. वांगावर नुसत्या अतिनील किरणांचाच नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचाही परिणाम होतो, त्यातल्या निळ्या भागाचा जास्त. साधं पारदर्शक सनस्क्रीन अतिनील किरणं अडवतं, हा दिसणारा उजेड बराचसा आत जाऊ देतं. लोहाचे ऑक्साइड तो अडवतात. म्हणजे ज्या रंगद्रव्यांमुळे टिंट येतो त्याच वांग असलेल्या चेहऱ्याला कामी येतात. म्हणून आईसाठी ग्लो सीरम नाही, टिंटेड सनस्क्रीन घे. एसपीएफ 30 किंवा जास्त, घटकांत 77491, 77492, 77499 हे तिन्ही असलेलं. कोरड्या त्वचेवर ते ओढल्यासारखं वाटेल, म्हणून आधी ग्लिसरीन किंवा स्क्वालेन असलेलं साधं क्रीम लावायला सांग, ते मुरलं की मग हे. मोठी चमचम असलेलं काहीही त्यांना नको, ते सुरकुत्यांत जाऊन बसतं. आणि ‘मी कुठे उन्हात जाते’ असं त्या म्हणतीलच. गॅलरीत कपडे वाळत घालायला, दारात भाजीवाल्याशी बोलायला, खिडकीशी बसून निवडायला जातात ना? ते सगळं धरायचं. वांग गर्भनिरोधक गोळ्यांनी, हार्मोन्सच्या बदलाने आणि घराण्यातूनही येतं, नुसत्या सनस्क्रीनने ते पुसलं जाईल अशी आशा लावू नकोस. एकदा त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.

आता तुझा एसपीएफचा प्रश्न, आकड्यासकट सांगते. बाटलीवरचा एसपीएफ मोजताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम इतका थर देतात. चेहरा आणि मानेला तेवढा थर द्यायचा तर पहिली दोन बोटं मुळापासून टोकापर्यंत भरतील एवढं सनस्क्रीन लागतं. सीरम तू किती लावतेस? चार थेंब. चार थेंबांत 30 कधीच मिळत नाही, आणि तेवढं सीरम थापायचं ठरवलंस तर महिन्याला दोन बाटल्या आणि चेहऱ्यावर रंगाचा लपेडा. तेव्हा सनस्क्रीन वेगळं, आधी, पुरेसं. पाचेक मिनिटं थांबून वर टिंट. पैसे वाचवायला सीरम किंवा फाउंडेशन सनस्क्रीनमध्येच कालवून लावायची युक्ती बऱ्याच जणी करतात. ती करू नकोस, सनस्क्रीनचा सलग थर मोडतो. कालवायचंच तर साध्या क्रीममध्ये नीट जुळणाऱ्या फाउंडेशनचा एक थेंब कालव. खरं सांगायचं तर तुझं बजेट बेताचं असेल तर मी तुला हेच सुचवेन. नवीन सीरमपेक्षा स्वस्त, आणि फाउंडेशनमध्ये गडद, सोनेरी शेड सीरमपेक्षा बऱ्याच जास्त मिळतात.

टिंटेड सीरममधल्या व्हिटॅमिन सीसाठी जास्तीचे पैसे मोजू नकोस. हवा लागली की ते पिवळं-तपकिरी पडतं आणि निकामी होतं. साध्या सीरममध्ये निदान डोळ्यांना दिसतं, टिंटेडमध्ये मुळातच सगळं तपकिरी.

पार्लरच्या नाइट क्रीमबद्दल मात्र मी मऊ बोलणार नाही. आणू नकोस, आणलं असेल तर लावू नकोस. आठ दिवसांत उजळवणाऱ्या बिनलेबलच्या डबीत बहुधा स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन नावाचं रंग उडवणारं औषध किंवा पारा असतो. अकोल्यातल्या एका घरातल्या मायलेकींची मूत्रपिंडं अशाच एका क्रीममुळे बिघडली होती आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा निघाला. डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडली तर बाकी सौंदर्यप्रसाधनांत नकळत आलेला पारासुद्धा दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. स्टेरॉइडचं क्रीम पहिले काही दिवस खरंच चेहरा तुकतुकीत करतं, म्हणून मैत्रिणी एकमेकींना सांगतात. लावत राहिलं की चेहऱ्यावर केस वाढतात, बंद केलं की चेहरा लाल होतो, आग होते, पुळ्या उठतात, आणि मग ते सोडवत नाही. 2018 मध्ये सरकारने अशी स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती बिननावाच्या डब्यांत येत राहतात. डबीवर घटक, बॅच नंबर, उत्पादकाचा परवाना क्रमांक आणि मुदत यांपैकी एक जरी नसेल तर ती चेहऱ्याला लावायची वस्तू नाही. मावशीला हे तू सांगू नकोस, आईला सांगायला सांग. बहिणीचं ऐकतील.

आता लग्न. लग्नाच्या दिवशी फोटोसाठी मेकअप करणारी कुणी येणार असेल तर तुझ्या सीरमची त्या दिवशी गरजच नाही, आणि नवीन बाटली घ्यायचं दडपणही नाही. तू स्वतःच तयार होणार असशील तर खरेदी नोव्हेंबरच्या सुरुवातीला कर. आधी कानामागे आणि जबड्याच्या कडेला आठवडाभर रोज लावून बघ, खाज किंवा पुरळ आलं नाही तरच चेहऱ्यावर. एकदा रात्री घरात फ्लॅश लावून फोटो काढ, मान आणि चेहरा एका रंगाचे येतात का पाहा. लग्नाआधीच्या दोन आठवड्यांत चेहऱ्यावर नवीन काहीही नको, फेशियलसुद्धा नको. आणि शेड हळदीच्या दुसऱ्या दिवशी ठरवू नकोस. करवलीला नवऱ्यामुलापेक्षा जास्त हळद फासतात, चेहरा एक-दोन दिवस पिवळाच असतो, त्यावर बरोबर शेडही चूक दिसते.

आत्ताची साडेआठशेची बाटली फेकू नकोस. तिच्यापेक्षा दोन शेड गडद आणि सोनेरी असं एखादं छोटं फाउंडेशन मिळालं तर तळहातावर निम्मं-निम्मं मिसळून बघ, बऱ्याचदा राखाडीपणा मोडतो. नाही मोडला तर जाऊ दे. बाटलीच्या मागे उघड्या डबीचं छोटं चित्र आणि आत 6 किंवा 12 असा आकडा असेल. उघडल्यापासून तेवढे महिने ती चालते. त्यानंतर मात्र कुणालाच देऊ नकोस, धाकटीला तर नाहीच.